गावानं रचलेला खेळ

भाऊबीज झाली की वैनगंगेच्या दोन्ही काठांवर मंडया भरू लागतात. हलकं धान कापून झालेलं असतं, भारी धान अजून बांधीत उभं असतं. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांतली, म्हणजे झाडीपट्टीतली, गावं आपापला दिवस धरून बाजार मांडतात. लेकी माहेरी येतात, सोयरे पूर्वी बैलबंडीनं यायचे, आता मोटारसायकलनं येतात. दुपारी आखरावर दंडार होते आणि रात्री नाटक लागतं. गडचिरोलीतल्या चामोर्शी तालुक्याकडे हा क्रम इतका अंगवळणी पडला आहे की दोहोंतला फरक कुणी मुद्दाम सांगत नाही. पण फरक मोठा आहे. रात्रीचं नाटक बहुतेक वेळा कंपनीकडून ठरवून आणलेलं असतं. दुपारची दंडार गावातल्या माणसांनीच उभी केलेली असते.

घरी रचलेल्या कथेचा इतिहास झाडीपट्टीत जुना आहे. तो कागदावर फार थोडा आला, कारण रचणारे शेतकरी आणि शेतमजूर होते. त्यांची रचना तोंडातून कानात आणि कानातून दुसऱ्याच्या तोंडात जात राहिली. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी आयुष्यातली कित्येक वर्षं झाडीबोली आणि इथल्या लोककला नोंदवण्यात घातली नसती, तर दंडारीबद्दल आज जे लिहून ठेवलेलं सापडतं तेवढंही सापडलं नसतं.

दंडारीला रंगमंच लागत नाही, पडदा लागत नाही. मोकळी जागा, ढोलकी, टाळ, डफ, टिपऱ्या आणि नाचणारी माणसं एवढ्यावर ती उभी राहते. बायकांची कामं पुरुषच करतात. आधी गण होतो, मग गाणी, आणि नाचता नाचता प्रसंग सुरू होतो. काही दंडारी बसून गायच्या असतात, काही उभ्यानं नाचायच्या, तर काहींत प्रसंगालाच महत्त्व असतं. कथा रामायण-महाभारतातली असो की पुराणातली, तिचा सांगाडा समोर बसलेल्या प्रत्येकाला पाठ असतो. राक्षस कधी येणार, देव कधी धावणार, शेवट काय होणार हे लहान मुलालाही ठाऊक असतं. म्हणून कथेत पुढे काय होणार याची उत्सुकता नसते. आपल्या गावचा राक्षस यंदा काय बोलणार याची असते. तो सावकारासारखा हिशेब मांडेल, फॉरेस्टच्या शिपायासारखा दटावेल किंवा दारू पिऊन घरी आलेल्या नवऱ्यासारखा झोकांड्या खाईल. पुराणानं चौकट दिली आणि आतला मजकूर गावानं भरला, ही दंडारीची रीत आहे.

ही रीत फक्त झाडीची नाही. मराठी नाटकाचा आरंभ म्हणून ज्या प्रयोगाकडे बोट दाखवलं जातं, तो विष्णुदास भावे यांचा 'सीतास्वयंवर' ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत झाला. सांगलीच्या चिंतामणराव पटवर्धनांनी कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहिले होते आणि तसं काही मराठीत करायला भाव्यांना सांगितलं होतं. भाव्यांच्या त्या खेळात आज ज्याला संहिता म्हणतात ती नव्हती. सूत्रधार पद्यातून कथा सांगत पुढे न्यायचा आणि पात्रं आपापली भाषणं आयत्या वेळी करायची. देव गंभीर बोलायचे, विदूषक हसवायचा, राक्षस तलवारी परजत आरोळ्या ठोकत यायचे. पुढच्या पिढीच्या शिकलेल्या नाटककारांनी या खेळांना 'अललडुर्र'ची नाटकं म्हणून नाकं मुरडली. त्यांनी बांधीव संहिता आणली, ती मराठी रंगभूमीला मानवली, त्यातून किर्लोस्कर-देवलांची परंपरा घडली. पण सूत्रधारानं जग मांडायचं आणि पात्रांनी त्यात स्वतःच्या तोंडानं जगायचं ही पद्धत शहरातून गेली तरी गावातून गेली नाही. सिंधुदुर्गातला दशावतार आजही लिहिलेल्या संवादांवाचून रात्रभर चालतो. कथानक कोणतं ते ठरतं, कुणी कोणतं सोंग घ्यायचं ते ठरतं, आणि बाकीचं सारं नटाच्या हजरजबाबीपणावर सोडलेलं असतं. जुन्या पुराणपात्रांच्या जोडीला नवी कल्पित पात्रं आणि नवे राजे-राक्षस घालून दशावतारी मंडळं नवी आख्यानं रचत राहतात.

भंडारा-गोंदियाकडच्या खडीगंमतीत याच रचण्याला झुंजीचं रूप आलं. दोन शाहीर समोरासमोर उभे राहतात. एकाचा पक्ष कलगीचा, शक्तीला थोर मानणारा. दुसऱ्याचा तुऱ्याचा, शिवाला थोर मानणारा. एकानं गाण्यातून कूट घालायचं, दुसऱ्यानं गाण्यातूनच ते सोडवायचं आणि उलटं कूट टाकायचं. उत्तर सुचलं नाही तर हार सगळ्यांसमोर. इथे नियम काटेकोर आहेत, पण नियमांच्या आत प्रत्येक ओळ त्या रात्रीची आहे. पंचाचं काम समोरचा घोळका करतो आणि त्याला फसवणं सोपं नसतं, कारण पुराणं त्यालाही येतात.

दक्षिणेकडे, राजुरा-जिवतीच्या डोंगरांपासून तेलंगणातल्या आदिलाबादपर्यंत, राजगोंडांची दंडारी आहे. क्रिस्टॉफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञानं आदिलाबादच्या राजगोंडांत राहून १९४८ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात या लोकांचं सण-नाचांसकटचं जगणं त्यानं बारकाईनं मांडलं. दिवाळीत एका गावचं दंडारी पथक दुसऱ्या गावी पाहुणं जातं, नाचतं, जेवतं, मुक्काम करतं. मोरपिसांचे मोठे टोप घातलेले, अंगाला राख फासलेले गुस्साडी त्यात असतात. गुस्साडी ही दैवी सोंगं. लोक त्यांच्या पाया पडतात आणि तेच गुस्साडी थट्टाही करतात. मार्लवाईच्या कनक राजू यांना याच नृत्यासाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली. चामोर्शीची दंडार आणि राजगोंडांची दंडारी एकच आहे असं म्हणता येणार नाही; भाषा वेगळी, देव वेगळे. पण दोन्हींचा हंगाम एक, दोन्ही रिंगणात उभ्या राहतात, आणि दोन्हींत सोंग घेतलेल्या माणसाला एरवी न बोलता येणारं बोलायची मुभा मिळते.

या मुलखाला कथांची कधी टंचाई नव्हती. चामोर्शी तालुक्यातच, वैनगंगा जिथे वळण घेऊन उत्तरेकडे वाहते तिथे, मार्कंडादेवची देवळं आहेत. अलेक्झांडर कनिंगहॅमनं १८७३-७४ च्या दौऱ्यात ती पाहिली आणि त्यांच्या कोरीवकामाचं तोंडभरून कौतुक करून ठेवलं. दगडावर इतकी शिल्पं आहेत की लोक या जागेला खजुराहोच्या पंगतीला बसवतात. महाशिवरात्रीला इथे मोठी जत्रा भरते. मार्कंडेयाची कथा कुणी मुद्दाम खेळासाठी रचावी अशीच आहे: सोळा वर्षांचंच आयुष्य घेऊन आलेला मुलगा, शेवटच्या दिवशी पिंडीला घातलेली मिठी, यमानं टाकलेला फास आणि पिंडीतून प्रकटलेला शिव.

चांद्याच्या, म्हणजे चंद्रपूरच्या, गोंड राजांच्या दंतकथा तर अजून बोलक्या आहेत. खांडक्या बल्लाळशहाच्या अंगावर गाठी होत्या. शिकारीच्या वाटेवर तहान लागली म्हणून त्यानं झरपट नदीच्या डोहातल्या पाण्यानं तोंड धुतलं आणि गाठी गेल्या. त्या जागी अचलेश्वराचं स्थान सापडलं. पुढे एक दिवस एक ससा शिकारी कुत्र्याच्याच मागे लागलेला राजानं पाहिला. राणीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ज्या भूमीत सशाला एवढं बळ येतं तिथे किल्ला बांधावा. सशानं ज्या वाटेनं कुत्र्याला पळवलं त्या वाटेनं चांद्याचा परकोट उठला, अशी ही कथा. १७५१ साली नीलकंठशहाकडून रघूजी भोसल्यांनी चांदा घेतला आणि गोंडांचं राज्य संपलं. त्यानंतर शंभर वर्षांनी मोलमपल्लीच्या बाबुराव शेडमाक्यांनी इंग्रजांविरुद्ध हत्यार उचललं आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्यांना चांद्यात फाशी दिलं गेलं. देव, राजा, चमत्कार आणि फासावर गेलेला वीर एवढं सगळं एका नदीखोऱ्यात. यातलं काय घ्यायचं आणि कसं वळवायचं हे गाव ठरवत आलं.

चौकट घेऊन आतला मजकूर आपण भरायचा, ही रीत आणखी एका ठिकाणी कशी उगवली ते पाहायला आता थोडं दूर जायला हवं. १९६९ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांतली तरुण मुलं टेबलावर शिशाचे सैनिक मांडून युद्धाचे खेळ खेळत असत. त्यांच्यातल्या डेव्हिड वेस्लीनं एकदा वेगळं केलं. नेपोलियनच्या काळातलं ब्राउनस्टाइन नावाचं एक कल्पित जर्मन गाव त्यानं मांडलं आणि प्रत्येक खेळाडूला पलटणीऐवजी एकेक माणूस दिला: नगराध्यक्ष, सावकारी पेढीवाला, विद्यापीठातला विद्यार्थी. खेळाडू नियम सोडून कोपऱ्याकोपऱ्यात जाऊन एकमेकांशी सौदे करू लागले, कट रचू लागले. वेस्लीला वाटलं खेळ फसला. खेळाडूंनी मात्र पुन्हा तसाच खेळ मागितला. त्या मंडळींतला डेव्ह आर्नेसन पुढे सरसावला. १९७१ साली त्यानं ब्लॅकमूर नावाचा मुलूख रचला; तिथे किल्ला होता, किल्ल्याखाली भुयारं होती, भुयारांत राक्षस होते आणि तेच खेळाडू आठवड्यामागून आठवडे त्याच मुलखात परत येत होते.

आर्नेसननं हा खेळ लेक जिनिव्हा या छोट्या गावातल्या गॅरी गायगॅक्सला दाखवला. दोघांनी मिळून नियम लिहून काढले आणि जानेवारी १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या नावानं एका खोक्यात तीन पुस्तिका विकायला आल्या. पहिली आवृत्ती १००० प्रतींची. या खेळात एक जण सूत्रधार होतो. तो जग मांडतो, राक्षसांच्या आणि गावकऱ्यांच्या तोंडून बोलतो. बाकीचे एकेक पात्र घेतात. काय करायचं ते स्वतः सांगतात आणि जिथे यश अनिश्चित असतं तिथे फासा टाकतात. तिसऱ्या पुस्तिकेच्या अखेरीला लेखकांनी वाचकांना बजावलं की नियमांत जिथे मोकळी जागा दिसेल तिथे आम्हाला विचारण्यापेक्षा स्वतःच्या मनानं ठरवा. तुमच्या वाटची कल्पना आम्ही कशाला करायची? त्या सल्ल्यामुळे पहिल्या दिवसापासून प्रत्येक घरचा खेळ वेगळा झाला. घरी रचलेल्या अशा राक्षसांना, मुलखांना, नियमांना ते खेळाडू होमब्रू म्हणतात, आणि महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं चालणाऱ्या कथेला कॅम्पेन.

सांगलीच्या सूत्रधाराला हे ऐकून नवल वाटलं नसतं. चौकट सगळ्यांची, मजकूर आपला; एक सांगणारा, बाकीचे सोंग घेणारे; संवाद त्या क्षणाचे. फरक एवढाच की मिनेसोटात प्रेक्षक नव्हता आणि निकाल फाशावर होता. आखरावर निकाल हशावर आणि टाळीवर लागतो. पात्राचं बोलणं जमलं की ते पुढच्या वर्षीही राहतं. पडलं की गळून जातं.

घरून दुकानात जायला त्या खेळाला फार दिवस लागले नाहीत. १९७६ साली इलिनॉयच्या बॉब ब्लेडसॉनं स्वतःच्या घरच्या खेळासाठी रचलेलं शहर नकाशासकट छापून विकायला सुरुवात केली. त्याच वर्षी 'ड्रॅगन' मासिक निघालं आणि वाचकांनी रचलेले राक्षस त्यात छापून येऊ लागले. १९७७ च्या सुमारास टोल्किनच्या पुस्तकांतून उचललेली हॉबिट वगैरे नावं हक्काच्या वादामुळे काढावी लागली. ज्याला कुणी मालक नव्हता असा चार मित्रांचा खेळ अशा रीतीनं मालकी असलेला माल झाला. पण घरची रचना थांबली नाही. छापलेलं पुस्तक विकत घ्यायचं आणि आपल्या टेबलावर त्यात हवे तसे बदल करायचे, ही सवय आजही त्या खेळाचा कणा आहे.

झाडीपट्टीतही नेमका हाच प्रवास झाला. फक्त तो जास्त काळ चालला आणि त्यात जास्त माणसं गुंतली.

दंडारीतले प्रसंग वाढत गेले, त्यांना संहिता आली, पडदा आला, आणि गावोगावची नाट्यमंडळं उभी राहिली. सुरुवातीला नट गावचेच. शिंप्याचा मुलगा नायक व्हायचा, मास्तर खलनायक व्हायचे, कुणीतरी पेटी शिकलेला असायचा. पडदे, कपडे आणि पुढे स्त्री-भूमिका करणाऱ्या नट्या एवढंच बाहेरून यायचं. नाटक बसवायला आठवडे लागायचे आणि ते आठवडे शेतकामानंतरच्या रात्रींतून काढावे लागायचे. शहरातली छापील नाटकंही गावात पोहोचली होती. गडकऱ्यांचं 'एकच प्याला', अत्र्यांचं 'लग्नाची बेडी' झाडीत पुन्हा पुन्हा झाली. त्यांच्या जोडीला इथेच लिहिलेली नाटकं होती, आणि प्रेक्षकाची मागणी हळूहळू या इथल्या नाटकांकडे वळली. ते साहजिक होतं. पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यात घडणाऱ्या कथेत ना धानाचा भाव होता, ना लेकीच्या सोयरिकीची काळजी.

मग कंपन्या आल्या आणि त्यांचं केंद्र झालं देसाईगंज, म्हणजे वडसा. कारण शोधायला लांब जायला नको. गोंदियाहून चांद्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचं वडसा हे गडचिरोली जिल्ह्याला दीर्घकाळ लाभलेलं एकमेव रेल्वेस्थानक. नागपूरची नटी असो, मुंबईचा नट असो की पडद्याचं सामान असो, ते इथेच उतरायचं. दिवाळी आली की वडशात कंपन्यांच्या पाट्या लागतात. गावोगावची मंडळं येऊन तारीख ठरवतात, इसार देतात, आणि होळीपर्यंत हंगाम चालतो. मंडळ गावात तिकिटं लावतं. नफा झाला तर गावच्या कामाला, तोटा झाला तर मंडळाच्या माथी. रात्री दहा-अकराला सुरू झालेलं नाटक उजाडता संपतं. बायाबापड्या, म्हातारी माणसं, पेंगणारी पोरं घोंगडी-चादरी घेऊन बसतात. आलेल्या पाहुण्यांत मुलगी पाहणं, मुलगा पाहणं उरकलं जातं आणि कित्येक लग्नं या नाटकांच्या निमित्तानं जुळतात.

हे नाटक लिहिणारा माणूस शहरातल्या नाटककारापेक्षा वेगळ्या अडचणीत काम करतो. प्रेक्षक हजारोंनी, उघड्यावर बसलेला, आणि रात्र लांब. गाणी हवीत, लावणी हवी, विनोदी पात्र हवं, रडवणारा प्रवेश हवा. हंगामासाठी नवं नाटक हवं. नट रोज नव्या गावात, कधी कधी रोज वेगळ्या नाटकात. तालमींना सवड कमी. म्हणून विंगेत बसलेला प्रॉम्प्टर ही या रंगभूमीची जीवनवाहिनी आहे. तो पुढचं वाक्य सांगतो, आणि नट ते उचलून त्यात आपलं घालतो. ज्या गावात नाटक आहे तिथल्या एखाद्या गोष्टीचा उल्लेख विनोदी पात्राच्या तोंडी आला की मांडव हसतो. लिहिलेलं आणि सुचलेलं यांच्यातली सीमा इथे दर रात्री थोडी सरकते. शहरी समीक्षकांनी या नाटकांना भडक आणि पसरट म्हटलं, आणि त्यात तथ्य नाही असं नाही. पण ज्या कसोटीवर ही नाटकं घडली ती कसोटी त्यांनी पाहिलीच नाही: दिवसभर राबलेल्या माणसाला पहाटेपर्यंत जागं ठेवणं.

या रंगभूमीचा सर्वांत गाजलेला नट म्हणजे कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे डॉ. परशुराम खुणे. २०२३ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा ५००० हून अधिक प्रयोग आणि ८०० भूमिका असा त्यांच्या कामाचा हिशेब देशासमोर आला. त्यांच्या नाटकांची नावं वाचली तरी या रंगभूमीची झेप कळते. 'सिंहाचा छावा', 'स्वर्गावर स्वारी', 'मरीमायचा भुत्या', 'एक नार चार बेजार', 'नसबंदी'. इतिहास, पुराण, गावदेवी, घरगुती तंटा आणि सरकारी मोहीम, सगळं एकाच माणसाच्या कामात. सिंदेवाही तालुक्यातल्या नवरगावचे सदानंद बोरकर यांनी वेगळी वाट धरली. त्यांच्या 'आत्महत्या' या नाटकानं शेतकऱ्याच्या मरणाचा प्रश्न थेट त्याच्याच गावच्या मांडवात नेला. वर्तमानपत्रात आकड्यांत येणारी बातमी इथे शेजारच्या घरची झाली. लोककलेनं नुसतं करमणुकीपुरतं राहावं असं मानणाऱ्यांना या एका नाटकानं उत्तर दिलं आहे.

मधल्या काळात या रंगभूमीवर दोन घाव बसले. झाडीत नाटकांचं नातं शंकरपटांशी, म्हणजे बैलांच्या शर्यतींशी, घट्ट होतं. पट भरला की माणसं जमायची आणि रात्री नाटक लागायचं. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींवर बंदी आणली तेव्हा नाटकंही बसतील अशी भीती होती. तसं झालं नाही. पट नसला तरी लोकांनी नाटकाची तारीख सोडली नाही. २०२१ च्या डिसेंबरात शर्यतींना पुन्हा वाट मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठानं ती कायम केली. दुसरा घाव करोनाचा. त्यात हंगाम बुडाले आणि हंगामावर वर्ष काढणाऱ्या कलावंतांची चूल अडचणीत आली. पुढे जून २०२२ मध्ये तृशांत इंगळे यांचा 'झॉलीवूड' हा चित्रपट आला आणि झाडीपट्टीबाहेरच्या पुष्कळांना ही रंगभूमी पहिल्यांदा दिसली.

कंपन्यांनी या भागाला रोजगार दिला, नट दिले, लेखक दिले. त्याबद्दल कृतज्ञता हवी. पण एक गोष्ट त्या प्रवासात मागे पडली. पूर्वी गावातला माणूस वर्षातून एकदा तरी रचणारा होता. आता तो तिकीट काढणारा झाला. कंपनी नाटक घेऊन येते, रात्र रंगवते आणि सकाळी पुढच्या गावी जाते. तिच्याबरोबर नाटकही जातं. आखरावरची दंडार कधी मंडईच्या दुपारी होते, कधी होत नाही, आणि टिपऱ्या धरणारे हात वयस्कर होत चालले आहेत.

टेबलावरच्या त्या अमेरिकन खेळातही ओढाताण झाली आणि तिची गोष्ट इथे लागू पडते. २००० साली खेळाच्या प्रकाशकांनी एक खुला परवाना दिला होता. त्याच्या आधारे कुणालाही त्या नियमांवर आपली कथा, आपला मुलूख रचून विकता येत होता. जानेवारी २०२३ मध्ये हा परवाना बदलून घरच्या रचनाकारांवर अटी घालण्याचा मसुदा बाहेर फुटला. हजारो खेळाडूंनी कडाडून विरोध केला. त्याच महिन्याच्या अखेरीस प्रकाशकांनी माघार घेतली आणि मूळ नियमच क्रिएटिव्ह कॉमन्सखाली सर्वांसाठी मोकळे केले. रचण्याचा हक्क आपला आहे हे त्या लोकांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून ते भांडले. त्याआधीच, २०२२ साली, त्याच प्रकाशकांच्या एका कथासंग्रहात कोलकात्याच्या लेखिका मिमी मंडल यांनी बंगालच्या नदीप्रदेशावरून शंखभूमी नावाचा मुलूख रचला होता. बंगालच्या नद्यांवरून खेळाचा मुलूख होऊ शकतो, तर वैनगंगेवरूनही होऊ शकतो. सशाच्या वाटेवर उठलेला परकोट, उत्तरेला वळलेली नदी, यमाला परतवणारं देऊळ यांहून चांगलं साहित्य कुठल्या खेळाला हवं? चामोर्शीतल्या शाळा-कॉलेजांतल्या मुलांनी चार मित्र जमवून हे करून पाहावं. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही, आणि मराठीतून खेळायलाही कसली अडचण नाही.

रचण्याची सवय पूर्ण मोडलेली नाही, याचा पुरावा दर श्रावणी अमावास्येला मिळतो. पोळ्याच्या दिवशी गावचे बैल सजून तोरणाखाली उभे राहतात आणि झडत्या सुरू होतात. एक जण पुढे येऊन चार ओळी खणखणीत आवाजात म्हणतो, शेवटी महादेवाचा गजर होतो आणि लगेच दुसरा उभा राहतो. देव, बैल आणि धन्याच्या मोठेपणाच्या जुन्या झडत्या असतातच, पण त्यांच्या मागोमाग यंदाच्या येतात. खताचा भाव, न आलेला पाऊस, वीज, पुढाऱ्याचं आश्वासन. ज्यानं आयुष्यात कधी नाटकात काम केलं नाही, तोही इथे तोरणाखाली उभा राहून समोरच्याला उत्तर देतो. यात कंपनी नाही, तिकीट नाही, प्रॉम्प्टर नाही.

झडतीला कागद लागत नाही, पण नाटकाला लागला होता, आणि तो कागद जपायला हवा. झाडीपट्टीच्या नाटकांची हस्तलिखितं कंपन्यांच्या पेट्यांत, लेखकांच्या घरी, जुन्या मंडळांच्या कपाटांत पडून आहेत. वाळवी आणि पावसाळा कुणासाठी थांबत नाहीत. त्यांतल्या प्रॉम्प्टरच्या प्रती सर्वांत मोलाच्या, कारण खोडलेलं वाक्य, समासात घातलेला नवा विनोद, लांबलेला प्रवेश असं प्रयोगात घडलेलं जे काही कागदावर उतरलं असेल ते तिथेच सापडेल. गडचिरोलीला २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. मराठीच्या आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांना एकेक तालुका वाटून दिला, प्रत्येक गावात नाटक कोणी लिहिलं, कोणी केलं, कुठल्या साली केलं हे विचारून नोंदवलं, हस्तलिखितांची छायाचित्रं घेऊन मूळ प्रत मालकाकडेच राहू दिली, तर काही हंगामांत मोठा संग्रह उभा राहील. दंडारीचं तसं नाही. ती म्हणणाऱ्यांकडून गाऊन घ्यावी लागेल, ध्वनिमुद्रित करावी लागेल, आणि त्यासाठी मंडईच्या दुपारी आखरावर जाऊन बसावं लागेल. चामोर्शी तालुक्यापासून सुरुवात करायची झाली, तर यंदाच्या भाऊबीजेचा मुहूर्त चांगला आहे.